बंद कपाटाचा फोटो लावणारी आत्या

स्वतःविषयी जगाला एक अक्षरही कळू न देता अख्खं आयुष्य मुंबईत काढलेली एकच व्यक्ती आहे, आणि माझं नशीब असं की ती माझी सख्खी आत्या आहे. तिचं वय मी तुम्हाला सांगितलं असतं, पण ते मला माहीत नाही. माझ्या वडिलांना माहीत होतं, म्हणजे धाकट्या भावाला जेवढं सांगण्यात आलं होतं तेवढं माहीत होतं. ती चिंचपोकळीला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. चाळ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथेच हसू फुटेल. जिथे एका खोलीत कुकरची शिट्टी झाली की शेजारच्या खोल्यांतल्या बायका आपला गॅस बंद करायला उठतात, तिथे ही बाई खासगी आयुष्य जगते. तिच्या दारावर पाटी नाही. निदान पोस्टमनसाठी तरी लाव, असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाली, ज्याला माझ्याकडे यायचंय त्याला खोली माहीत असते, आणि ज्याला माहीत नाही त्याला यायचं काही कारण नाही.

लपवण्यासारखं हिच्याकडे आहे तरी काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. आम्हालाही पडला होता, पडून पडून जुना झाला. लालबागच्या बाजारातून ती बांगडे आणते तेव्हा पिशवीत पिशवी, तिच्यात वर्तमानपत्राची गुंडाळी आणि वर दिसायला कोथिंबिरीची जुडी असा सगळा बंदोबस्त असतो. चोरीचं सोनंसुद्धा माणसं एवढ्या काळजीने नेत नसतील. मग घरी येऊन ती खिडकी लावून घेते आणि तेच बांगडे तव्यावर टाकते. शेजारच्या खोलीत कांबळे कुटुंब राहतं. त्यांची मुलगी संघमित्रा बँकेत नोकरीला आहे, आणि आत्या चाळीत कुणाशी जरा मोकळेपणाने बोलत असेल तर तिच्याशीच. ती गॅलरीतून जाता जाता सहज म्हणते, "आत्या, आज बांगडा वाटतं?" यावर आत्या शेगडी बारीक करून दारात येते आणि अत्यंत गंभीरपणे विचारते, "तुला कुणी सांगितलं?"

बाहेर पडणाऱ्याला 'कुठे निघालात' असं विचारणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, चाळीत तर तो नमस्काराचाच प्रकार आहे. आत्याचं उत्तर ठरलेलं, खालीच. या 'खाली'च्या टप्प्यात दादरचे डोळ्यांचे डॉक्टर, ठाकूरद्वारची एक मैत्रीण आणि एकदा तर चक्क मालवणही येऊन गेलंय. त्या वेळी ती 'खाली' गेली ती आठवड्याने वर आली, आणि येताना आणलेल्या आमसुलांचा वास जिनाभर दरवळल्यामुळे सगळ्यांनी आपापला वाटा मागून घेतला. गणपतीच्या वर्गणीची पावती ती 'एक भक्त' या नावाने फाडते. आरतीनंतर मंडळाचा माणूस माइकवर वर्गणीदारांची नावं वाचतो. 'दुसरा मजला, एक भक्त' असं तो म्हणाला की अख्खी चाळ वळून आत्याकडे बघते, कारण दुसऱ्याच काय, चारही मजल्यांवर मिळून असा भक्त एकच आहे. आत्या मात्र मूर्तीकडे डोळे लावून उभी असते, जणू हा भक्त कोण हे तिलाही एकदा कळायला हवं आहे.

डिलाईल रोडच्या पलीकडे, पूर्वी जिथे गिरणी होती तिथल्या मॉलमध्ये मी तिला एकदा घेऊन गेले. कुठून अवदसा आठवली कोण जाणे. काउंटरवरच्या मुलीने सवयीने मोबाइल नंबर विचारला. आत्याने चष्मा नाकावर खाली ओढून तिला विचारलं, "कशाला? मी चहाची गाळणी घेतेय, स्थळ नाही बघत." त्या मुलीने ऑफर्सचं काहीतरी सांगितलं, आत्याने ऑफर्स कोण ठरवतं, ते कुठे बसतात, नंबर ठेवतात कुठे, अशी उलटतपासणी सुरू केली, आणि मागे रांग थेट सरकत्या जिन्यापर्यंत गेली. शेवटी मी माझा नंबर दिला. त्यावर घरी पोचेपर्यंत आत्याने माझ्याशी अबोला धरला, कारण माझ्या नंबरावरून ते लोक तिच्यापर्यंत पोचणार होते. ते अजून पोचलेले नाहीत, पण त्या दुकानाचे मेसेज मला आजही येतात.

हे वेड तिला लागलं कुठून, तर नोकरीतून. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. आताच्या पोरांना सांगायला हवं की पूर्वी परगावी फोन करायचा तर तो आधी नोंदवावा लागे. मग मुंबईची ऑपरेटर त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची, दोघी मिळून दोन टोकं जोडून द्यायच्या, आणि माणसं 'ऐकू येतंय का' असं एकमेकांना ओरडून विचारण्यातच तीन मिनिटं संपवायची. त्या जोडणाऱ्या बाईच्या कानावर सगळंच पडायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा माल अडकला, कुणी गावी आजारी आहे म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात कोण महाबळेश्वरला आहे. एके काळी आत्याला अर्ध्या महाराष्ट्राची अंडीपिल्ली ठाऊक होती, आणि त्यातलं एकही तिने बाहेर येऊ दिलं नाही.

गिरण्यांचा संप चालू होता तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. आजोबा गिरणीत, त्यामुळे घरी बसून. शेठ लोकांचे अहमदाबादचे, दिल्लीचे फोन आपल्या लेकीच्याच बोर्डावरून जातात असा त्यांचा समज होता, आणि तो अगदीच चुकीचा नसावा. ती कामावरून आली की ते विचारायचे, काय म्हणतात गो ते, मिटवणार की नाही. आणि आत्या, जिच्या एकटीच्या पगारावर तेव्हा ते घर उभं होतं, दररोज सांगायची की आज लाइन खराब होती. आजोबा गेले ते लाइन खराब होती एवढंच ऐकून. माझ्या वडिलांनी यावरून तिला पुढे पुष्कळ बोल लावले. तिने आयुष्यात एकदाच त्यांना उत्तर दिलं, "मी ऐकलेलं ते माझं नव्हतं." लहानपणी मला हे वाक्य फार थोर वाटायचं, आजोबांच्या आठवणीने वडील खचलेले बघितल्यावर त्याचाच संताप यायचा, आणि आता मी त्यावर मत देणं सोडून दिलंय.

अशा बाईचे कान जायला लागले, हा देवाचा विनोद म्हणायचा तर फारच हलक्या दर्जाचा होता. सुरुवातीला तिने तेही गुप्त ठेवलं. टीव्हीचा आवाज इतका वाढला की खालच्या मजल्यावरची माणसं आपला टीव्ही बंद ठेवून तिचीच मालिका ऐकू लागली. आम्ही बोलायला लागलो की ही विचारायची, कुजबुजताय काय, माझ्यापासून काय लपवताय. शेवटी मी तिला परळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी मोठ्याने, म्हणजे बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनाही नीट कळेल अशा आवाजात सांगितलं की कानाच्या नसा कमजोर होत चालल्यात, मशीन लावा, काही काळ निभेल, पुढे त्याचाही उपयोग होणार नाही. आत्याला पहिला धक्का बसला तो आपली तब्येत चारचौघांत जाहीर झाल्याचा. मशीन मोबाइलला जोडता येतं हे कळल्यावर तर ती खुर्चीतून उठलीच. कानात बसून कोण काय ऐकेल याचा भरवसा नाही, असं तिचं म्हणणं. मग कशालाही न जोडता येणारं, साधं मशीन घेतलं. परतताना आम्ही टॅक्सी केली. लालबागचा पूल आला तेव्हा एकदम म्हणाली, "मला त्या साइटवर नाव घालायचंय. लोक फोटो टाकतात त्या."  मशीन कानात नीट बसलंय ना, अशी मला शंका आली.

घरी पोचून, चहा होऊन, खिडकी लावून झाल्यावर कारण कळलं. तिला मिरज शोधायची होती. मिरज म्हणजे गाव नव्हे, बाई. मिरजेच्या एक्स्चेंजमध्ये एक ऑपरेटर होती. बोर्डावर खासगी बोलायला बंदी होती, मागे सुपरवायझर फेऱ्या मारायची, आणि आपलं नाव सांगणं नियमातच बसत नव्हतं, त्यामुळे एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायची रीत होती. इकडून 'हॅलो मिरज' म्हटलं की तिकडून 'बोल मुंबई'. दुपारी लाइन मोकळ्या असल्या की या दोघी सुपरवायझरची पाठ बघून बोलायच्या. आज दोन वाक्यं, उद्या दोन, असं करत वर्षानुवर्षं बोलल्या. बोलण्याआधी मिरज बारीकशी खोकते, मिरजेची आई अंथरुणाला खिळलेली आहे, मिरजेला बघायला आलेला मुलगा पोह्यांना नावं ठेवून गेला, हे आत्याला सगळं माहीत. आणि जे तिने बापाला, भावाला, चाळीला कधी सांगितलं नाही ते सगळं मिरजेला माहीत. लग्न का केलं नाही, हेसुद्धा. मला ते अजून माहीत नाही.

मी विचारलं, बरं, नाव काय तिचं? आत्या म्हणाली, "लाइनवर नाव विचारायचं नसतं." मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं बोललीस आणि नाव विचारलं नाहीस? नव्हतं विचारलं. तिनेही हिचं विचारलं नव्हतं. नियम म्हणजे नियम, आणि दोघीही नियमाला एकीपेक्षा एक पक्क्या. मग लोकांना थेट नंबर फिरवता यायला लागला आणि मिरजेचा बोर्ड बंद झाला. त्या दिवशी आत्या नेमकी तापाने घरी होती. बरी होऊन कामावर गेली तर हाक मारायला पलीकडे कुणी नव्हतं. निरोप घ्यायचा राहूनच गेला. त्याचं तिला काय वाटलं हे तिने अर्थातच कुणाला कळू दिलं नाही. आता कान जाणार म्हटल्यावर मात्र तिला एवढंच हवं होतं. "एकदा तिचा आवाज ऐकू दे गो," ती मला म्हणाली, "मग गेले कान तर गेले."

झालं, आम्ही कामाला लागलो. खातं उघडण्याआधी तिने त्या साइटचं गोपनीयतेचं धोरण वाचायला मागितलं. ते कुणी वाचत नाही आत्या, खाली 'मान्य' दाबायचं असतं, असं मी म्हणाले, तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आजवर न वाचता कशाकशाला मान्य म्हटलंय ते सगळं मला आठवलं. तिने भिंग घेऊन ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. लिहिणाऱ्या वकिलानंतर ते पूर्ण वाचणारी बहुधा हीच. वाचून झाल्यावर म्हणाली, आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो हे यांना सुरुवातीलाच सांगावं का लागतं, मी एवढी वर्षं नोकरी केली, मला तर कधी कुणाला सांगावं लागलं नाही.

मग नाव. तिने 'सुनंदा पाटील' असं घालायला लावलं. या नावाच्या बाया जगात इतक्या असतील की त्यांच्यात जाऊन बसलं तर देवालाही सापडायचं नाही, असा हिशेब. जन्मतारीख पहिली जानेवारी. शाळा, कॉलेज, गाव, सगळं कोरं. वैवाहिक स्थिती या रकान्यापाशी तिने फोन पालथा घातला आणि उठून पाणी प्यायली. स्वतःच्या फोटोच्या जागी आपल्या लोखंडी कपाटाचा फोटो लावला, कपाट अर्थातच बंद. फोनच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली, आधी लाल, मग ती उठून दिसते म्हणून काळी. फोनमधले नंबर द्यायचे नाहीत, आपण कुठे आहोत ते दाखवायचं नाही, अनोळखी माणसाच्या विनंतीला हो म्हणायचं नाही, कसली लिंक दाबायची नाही, हे तिला संघमित्राने सांगितलं, म्हणजे सांगायला आली आणि आत्याकडून दोन गोष्टी शिकून गेली. बँकेत हेच सांगून आमचा घसा सुकतो, तुम्हाला काउंटरवर बसवायला पाहिजे, असं म्हणाली.

पासवर्डही संघमित्राच्या सल्ल्याने चांगला लांबलचक केला, लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं. तो तिने कुठे लिहून ठेवला नाही, मला सांगितला नाही, मी मान वळवेपर्यंत टाइपही केला नाही. फक्त ऐकू कमी येत असल्यामुळे एकेक अक्षर खणखणीत आवाजात म्हणत टाइप केला. दुसऱ्या दिवशी ती मध्येच अडली, तेव्हा गॅलरीच्या पार टोकाला कपडे वाळत घालणाऱ्या बाईने तिथूनच सांगितलं, "आत्या, शेवटी हॅश." पासवर्ड बदलला. तोही चाळीला तोंडपाठ झाला. मी तिला मैत्रीची विनंती पाठवली, तर ती तिने नाकारली. तू मला ओळखतेस, तुला वेगळी मैत्री कशाला, म्हणाली.

अशा रीतीने जगात कुणालाही आपण सापडू नये याची चोख व्यवस्था करून आत्या एका माणसाला सापडायला निघाली. मिरज म्हणून शोधलं की स्टेशन यायचं, दवाखाने यायचे, सतार-तंबोऱ्याची दुकानं यायची. एका निवृत्त टेलिफोनवाल्यांचा गट मिळाला. आत जायचं तर आपण कुठल्या एक्स्चेंजला होतो हे लिहायचं होतं. आत्याने लिहिलं, सांगता येणार नाही. त्यांनीही मग बंद कपाटाला आत घेतलं नाही. शेवटी मी माझ्या नावाने गेले आणि विचारलं, मिरजेला ट्रंक बोर्डावर कोण होतं. उत्तर आलं, पुष्कळ जणी होत्या ताई, नाव सांगा. एका गृहस्थांनी मुंबईहून मिरजेला जायच्या गाड्या कळवल्या, त्यांचे आम्ही आभारी आहोत. यात महिन्यांमागून महिने गेले. मशीनचा आवाज एकदा वाढवून घेतला, मग पुन्हा वाढवला, आणि डॉक्टर म्हणाले की आता आणखी वाढवायला जागा नाही. आत्या घरी आली आणि पुन्हा कपाटाचा फोटो समोर घेऊन बसली.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "तिला तुझं नाव माहीत नाही, तुझं तोंड तिने कधी बघितलेलं नाही. उद्या तू खरं नाव घालून फोटो लावलास तरी ती तुला ओळखायची नाही. तिला तुझा फक्त आवाज माहीत आहे आत्या, आणि नेमका तोच तू कपाटात घालून बसलीयेस." राग आला की आत्याची मालवणी बाहेर पडते. "गप रव," ती म्हणाली, आणि मला चहाही न देता तिने घालवलं. मग बरेच दिवस तिचा फोन नाही. मीही केला नाही. चूक माझी नव्हती, हे मी अजूनही म्हणते.

एका रविवारी तिने बोलावलं. गेले तर ही इस्त्रीची साडी नेसून, केस बांधून, खुर्चीत ताठ बसलेली. आवाजच तर द्यायचाय, साडी कशाला, असं तोंडावर आलं होतं, पण नाही विचारलं. तिने कोमट पाणी प्यायलं, कानातलं मशीन काढून मांडीवर ठेवलं आणि मला खूण केली. मी रेकॉर्डिंग चालू करून फोन पुढे धरला. "हॅलो मिरज," ती म्हणाली. "मुंबई बोलतेय. लाइनवर आहेस का?"

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. घरात आमच्याशी बोलायची तो वेगळा, कान गेल्यापासून ओरडायची तो वेगळा. हा तरुण होता, हळू होता, आणि कुणीतरी उत्तर देईल याची त्याला खात्री होती. मला भरून आलं, सरळच सांगते. मग साइटने विचारलं, हे कोण ऐकू शकेल. फक्त तुम्ही, तुमचे मित्र, की सगळे. आत्याच्या खात्यावर मित्र एकही नव्हता. तिने भिंगातून ते तिन्ही पर्याय वाचले, परत वाचले. मी तिला म्हणाले, नीट विचार कर, एकदा सगळ्यांना दिलं की ते आपल्या हातात राहत नाही. "माहीत्येय गो," ती म्हणाली, "माझ्याइतकं कुणाला माहीत असणार." आणि 'सगळे' वर तिने स्वतःचा अंगठा टेकवला.

पुढे जे झालं ते व्हायचंच होतं. ते कुणीतरी पुढे पाठवलं, त्याने आणखी कुणाला. एकाने त्याखाली बासरी घातली, एकाने ढोलकी. हजारो माणसांनी, ज्यांचा मिरजेशी संबंध नाही आणि आत्याशी तर नाहीच नाही, ही आजी कोण, बॉयफ्रेंडला शोधतेय का, असं विचारलं. बाजारात कोळीण तिला 'हॅलो मिरज' म्हणून हाक मारायला लागली. नाक्यावरच्या रिकामटेकड्यांनी ते फोनची घंटी म्हणून लावलं. जी बाई बांगडे लपवून आणायची ती मान खाली घालून त्या सगळ्यातून जायची, पिशवीवर कोथिंबीर ठेवायचंही तिने सोडून दिलं. मला बघवेना. मी म्हणाले, काढून टाकू का? ती म्हणाली, नको, लाइन चालू ठेव.

आणि एका दुपारी एक निरोप आला. नाव कमल जोशी, फोटोच्या जागी मिटलेली छत्री, गाव नाही, जन्मतारीख पहिली जानेवारी, मित्र एकही नाही. मला लगेच फसवणुकीचा वास आला. संघमित्रानेही बघून मान हलवली, अशी खाती शंभर टक्के खोटी असतात म्हणाली. आमच्या समोर तेव्हा साक्षात सुनंदा पाटील बसल्या होत्या, हे आम्ही दोघी विसरलोच. निरोपात अक्षर एक नव्हतं, नुसता आवाज होता. मी लावला. आधी बारीकसा खोकला, मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, "बोल मुंबई. किती वेळ लाइन धरून बसू?"

आत्याला ऐकू गेलं नाही. मी फोन तिच्या डाव्या कानापाशी धरला आणि आवाज होता तेवढा वाढवला. तिने हाताने परत लाव अशी खूण केली. मी परत लावला. किती वेळा लावला कोण जाणे, पण एका वेळेस तिचा चेहरा बदलला. "हीच," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला लागली. बापाच्या तेराव्यालाही न रडलेली बाई, असं आमच्या घरात तिच्याविषयी सांगतात. संघमित्राने दुसरीकडे बघितलं. मला बघता आलं नाही आणि दुसरीकडे वळताही आलं नाही.

नंबर मागवला, फोन लावून दिला. पलीकडे घंटी वाजायला लागली तशी आत्या मला म्हणाली, "तू जरा बाहेर जा." मी गेले. माझ्या पाठीमागे तिने दार लावून घेतलं. भर दुपारी चाळीत दार लावलं की लोक समजतात आत एकतर भांडण आहे नाहीतर आजारपण. एवढी धावपळ मी केली, पासवर्ड मी बदलायला लावले, गाळणीचे मेसेज मी झेलले, आणि ऐन वेळी मला गॅलरीत उभं केलं, याचा मला मनापासून राग आला. त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. शेवटी एकमेकींची नावं तरी विचारली का, तेही माहीत नाही. दार उघडल्यावर आत्याने चहा टाकला आणि विचारलं, साखर घालू ना.

तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी दुपारी फोन येतो. आत्याचं दार लागलं की कांबळ्यांकडे टीव्हीचा आवाज बारीक होतो, गॅलरीत खेळणारी मुलं आपोआप खाली जातात, कपडे वाळत घालायला आलेली बाई बादली घेऊन परत फिरते. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. जन्मभर त्या बाईने ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते चाळीने तिला असं एका फटक्यात देऊन टाकलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मशीनचा आता काही उपयोग नाही. आत्याने ते डबीत घालून ठेवून दिलं. फोन मात्र येतो. मांडीवर थरथरला की ती तो उचलते आणि दार लावून घेते. एकदा मी दाराजवळच होते, तेव्हा ऐकलं. आत्या एखादं वाक्य बोलते, मग बराच वेळ थांबते, मग 'हं' म्हणते, पुन्हा थांबते, मध्येच हसतेही. त्या थांबण्यात तिच्या कानावर काही पडतं की नाही, आणि पडत नसेल तर मिरजेला तिने ते सांगितलंय की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही. आता फोन आला की मी चप्पल घालते आणि जिन्यापाशी जाऊन उभी राहते. तिथे काही ऐकू येत नाही.